संगणकाच्या पॉवर सप्लायला बॅटरी जोडून आवाज सुधारतो का? जोडायचीच तर नेमकी कुठे?

मंद्रसप्तक (प्रश्न)

फक्त गाणी ऐकण्यासाठी ठेवलेला छोटा संगणक आहे. मिनी-आयटीएक्स बोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, एक एसएसडी, ३०० वॅटचा नेहमीचा एटीएक्स सप्लाय. गाणं चालू असताना सॉकेटपाशी मोजलं तर ३२ वॅट, सुरू होताना क्षणभर ७० पर्यंत जातं. यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी डबी) स्वतःचे ५ व्होल्ट यूएसबीतूनच घेतो. डॅकपासून आरसीए केबलने पॉवर्ड स्पीकर, त्यांचा प्लग तीन पिनांचा. मॉनिटर एचडीएमआयवर.

त्रास दोन आहेत. संगणकावरचा व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी खालच्या सुरात सतत गुणगुण येते. आणि माउस हलवला किंवा पान स्क्रोल केलं की बारीक कुईकुई सुरू होते, तिचा सूर कामाबरोबर बदलतो.

डोक्यात असं आहे: १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी सप्लायच्या पिवळ्या आणि काळ्या वायरींना समांतर जोडायची. ६ व्होल्टची दुसरी एक डायोड घालून लाल वायरीवर. बॅटरी मोठ्या कपॅसिटरसारखी वागेल आणि सप्लायचा नॉइज गिळून टाकेल, असा हिशेब.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे चालेल का? आवाजात खरंच फरक पडेल का? आणि अख्खा संगणकच बॅटरीवर चालवायचा तर काय काय लागेल?

शून्य_व्होल्ट

समांतर जोडणी करू नका. का ते आकड्यांतच दिसतं.

एटीएक्सच्या १२ व्होल्ट रेलला (त्या व्होल्टेजच्या आउटपुटला) ±५ टक्के मोकळीक आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. पूर्ण चार्ज लेड-अ‍ॅसिड बॅटरी नुसती पडून असतानाही १२.७ च्या आसपास असते. जोडल्याबरोबर सप्लायच्या फीडबॅकला व्होल्टेज जास्त झालेलं दिसतं आणि तो हात आखडता घेतो. स्वस्त सप्लायमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकाच फीडबॅकवर चालतात, त्यामुळे १२ चढलं की ५ खाली बसतं. पुढे बॅटरी उतरत उतरत १२.१ पर्यंत येते आणि तिथेच अडकते, कारण सप्लाय तिला त्याहून वर चार्ज करूच शकत नाही. १२.१ म्हणजे लेड-अ‍ॅसिडसाठी जेमतेम निम्मी चार्ज अवस्था. अशा अवस्थेत काही आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी संपते.

५ व्होल्टची गोष्ट याहून वाईट. ६ व्होल्टची बॅटरी भरलेली असताना ६.४, शॉट्की डायोड ०.४ खातो, उरले ६.०. मर्यादा ५.२५ आहे. एसएसडी आणि यूएसबीवरचं सगळं धोक्यात.

शिवाय संगणक बंद केला की पिवळ्या आणि लाल वायरी मृत व्हायला हव्यात. बॅटरी त्या जिवंत ठेवते, पण ३.३ व्होल्ट गेलेले असतात आणि करड्या वायरीवरचा ‘पॉवर ओके’ सिग्नलही पडलेला असतो. बोर्डाची चालू-बंद होण्याची क्रमवारी या सिग्नलवर बेतलेली असते.

आता ‘बॅटरी म्हणजे मोठा कपॅसिटर’ याबद्दल. गुणगुणीच्या वारंवारतेला ते बऱ्यापैकी खरं आहे, पण सप्लायचा स्विचिंग नॉइज १०० किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्यावर असतो. जाण्या-येण्याची मिळून एक मीटर वायर धरली तर तिचं इंडक्टन्स सुमारे १ मायक्रोहेन्री, आणि १०० किलोहर्ट्झला त्याचा अडथळा साधारण ०.६ ओहम. बोर्डावरच्या चांगल्या कपॅसिटरचा अडथळा तिथे १०-२० मिलिओहम असतो. नॉइज सोपी वाट सोडून तुमच्या बॅटरीकडे जाणारच नाही.

तुमची लक्षणं वाचून मला सप्लायच्या रिपलवर (आउटपुट व्होल्टेजमधल्या चढउतारावर) मुळीच संशय नाही. ही अर्थिंगची लूप आहे. संगणकाची बॉडी अर्थला, स्पीकरची बॉडीही अर्थला, आणि दोघांना जोडणारा तिसरा रस्ता म्हणजे यूएसबीचं ग्राउंड, डॅक आणि आरसीए केबलची जाळी (आतल्या वायरीभोवतीचं धातूचं आवरण). या वळशातून मेन्सचा जो थोडा प्रवाह फिरतो तो जाळीवर काही मिलिव्होल्ट सोडतो आणि स्पीकर त्यालाच सिग्नल समजून वाढवतो. कुईकुईसुद्धा याच वाटेने येते. प्रोसेसरचा भार बदलला की बोर्डाच्या ग्राउंडमधला प्रवाह बदलतो, त्यातला काही भाग आरसीएच्या जाळीतून परततो.

काहीही विकत घेण्याआधी हे करा. डॅक एका लॅपटॉपला लावा, चार्जर काढलेला, दुसरी कुठलीही केबल नको. गुणगुण आणि कुईकुई दोन्ही गेली तर लूप नक्की. गुणगुण गेली पण कुईकुई उरली तर डॅकच्या ५ व्होल्टमधून नॉइज शिरतोय. काहीच गेलं नाही तर दोष स्पीकरमध्ये किंवा आरसीए केबलमध्ये. मग पुन्हा संगणकावर या, गाणं चालू असताना एचडीएमआय उपटा, नंतर नेटवर्कची केबल उपटा आणि प्रत्येक वेळी ऐका.

प्लगची अर्थ पिन तोडून किंवा तिला टेप गुंडाळून गुणगुण घालवू नका. गुणगुण जाईल, पण एखाद्या दिवशी सप्लायमध्ये बिघाड झाला तर संगणकाची बॉडी आणि आरसीएचं टोक, दोन्हींवर मेन्स येईल. आणि सप्लायचं झाकण उघडून आत हात घालायचा विचारही नको. आतला मुख्य कपॅसिटर ३२५ ते ४०० व्होल्ट धरून ठेवतो, प्लग काढल्यावरही.

तांबेतार

वरचं निदान पटतं. तरी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण अख्खा संगणक बॅटरीवर नेला की मेन्सशी असलेलं त्याचं नातं खरोखर तुटतं. फक्त ते नीट तोडलं पाहिजे, नाहीतर खर्च वाया.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. चार सेल मालिकेत, १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तास, ३० अँपिअरचा बीएमएस (सेलचं रक्षण करणारं सर्किट) बसवलेला पॅक. तुमच्या ७ अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिडवरचा आकडा २० तास सावकाश वापरल्यावरचा असतो, अडीच-तीन अँपिअर ओढले की तो घसरतो. या पॅकचं गणित असं: १२.८ × २० = २५६ वॅट-तास, त्यातले ८० टक्के वापरले तर २०५. सॉकेटपाशी ३२ वॅट म्हणजे सप्लायची गळती वजा जाता बोर्ड साधारण २५ वॅट खातो. कन्व्हर्टरची गळती मिळवून २८ धरा. सात तास आरामात.

बॅटरी आणि बोर्ड यांच्यामध्ये २४ पिनांत बसणारा डीसी-एटीएक्स कन्व्हर्टर लागतो, १२० ते १६० वॅटचा पुरतो. पण याचे दोन प्रकार मिळतात आणि चूक इथेच होते. साधा १२ व्होल्टवाला प्रकार ५ आणि ३.३ तयार करतो, पण १२ व्होल्ट जसेच्या तसे पुढे सोडतो. तुमचा पॅक चार्ज होताना १४.६ वर जातो, चार्जर काढल्यावरही १३.३-१३.४ वर स्थिरावतो. ते सगळं थेट बोर्डावर येईल. म्हणून ज्याचा इनपुट ६ ते ३० व्होल्ट असा रुंद लिहिलेला आहे, तोच घ्या. तो १२ व्होल्टही स्वतः तयार करतो. प्रोसेसरजवळच्या चार पिनांच्या जोडाला १२ व्होल्ट कन्व्हर्टरच्या आउटपुटमधूनच द्या, थेट बॅटरीतून नाही.

वायर २.५ चौरस मिलिमीटर, जाणं-येणं मिळून एक मीटरच्या आत. रोध ८ मिलिओहम, ६ अँपिअरला ०.०५ व्होल्ट पडतील, चालतं. फ्यूज १० अँपिअरचा, गाड्यांत असतो तसा ३२ व्होल्ट डीसीचा पातीवाला, बॅटरीच्या धन टोकापासून १५ सेंटिमीटरच्या आत. घरगुती एसीचा काचेचा फ्यूज इथे नको, डीसीचा आर्क तो विझवेल याची खात्री नसते. बहुतेक बीएमएस ऋण बाजू तोडतात. म्हणून ग्राउंड बीएमएसच्या बाहेरच्या टोकापासून घ्या. सेलच्या ऋण टोकाला कुठेही बॉडी लागली की संरक्षण वळसा घालून निघून जातं.

बोर्ड जोडण्याआधी कन्व्हर्टर एकटा तपासा. पहिल्यांदा बॅटरी लावताना १० ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरमधून एक-दोन सेकंद जोडा, म्हणजे इनपुट कपॅसिटर हळू भरतील. थेट टेकवलं तर ठिणगी उडते आणि कधी कधी बीएमएस शॉर्ट समजून बंद पडतो. मग जांभळ्यावर (संगणक बंद असतानाही जिवंत राहणाऱ्या वायरीवर) ५ व्होल्ट आहेत का बघा. सप्लाय सुरू करणारी हिरवी वायर काळीला टेकवा: पिवळीवर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत करडीवर ५ आले पाहिजेत. करडी शून्यावरच राहिली तर बोर्ड जोडू नका.

१२.० व्होल्टवर तोडणारा लो-व्होल्टेज कटऑफ बसवा. या रसायनाचं व्होल्टेज बराच काळ १३ च्या आसपास सपाट राहतं आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखं कोसळतं. बीएमएस १० व्होल्टला तोडतो, पण तो शेवटचा पहारेकरी. तोपर्यंत थांबलात तर फाइल लिहिता लिहिता वीज जाईल.

आता तोडण्याचं. चार्जर लावून गाणी ऐकलीत तर चार्जरमधून मेन्स पुन्हा आत येतं, चार्जरचा प्लग दोन पिनांचा असला तरी, कारण त्याच्या आतल्या वाय-कपॅसिटरमधून (मेन्स आणि आउटपुट यांच्यामधल्या नॉइज-फिल्टर कपॅसिटरमधून) थोडा प्रवाह झिरपतोच. म्हणून चार्जर आणि बॅटरी यांच्यात दोन पोलांचा स्विच किंवा रिले हवा, जो धन आणि ऋण दोन्ही वायरी तोडेल. एकट्या धन बाजूचा स्विच ठेवला तर ग्राउंड जोडलेलंच राहतं आणि गुणगुण जिथल्या तिथे. एचडीएमआयच्या जाळीतून मॉनिटरचं अर्थ येतं, तेव्हा ऐकताना मॉनिटर काढा आणि फोनवरून नेटवर्कमार्फत गाणी निवडा. नेटवर्कच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतो, तो सिग्नल वेगळा ठेवतो. पण केबल जाळीवाली घेतली तर जाळीच राउटरशी जोडली जाते. साधी जाळी नसलेली वापरा.

डाखकाम

वरची जोडणी बरोबर आहे, पण तीतून काय मिळेल आणि काय नाही हे आधी माहीत असावं. लूप तुटेल. वीज ‘शुद्ध’ होणार नाही. तो कन्व्हर्टर स्वतःच स्विचिंगवर चालतो, आणि बोर्डावर प्रोसेसरशेजारी काही शे किलोहर्ट्झवर चालणारे आणखी स्विचिंग रेग्युलेटर आहेत. बॅटरी कितीही शांत असली तरी यूएसबी पोर्टच्या ५ व्होल्टपर्यंत पोचेतो त्यावर हे सगळं चढलेलं असतं. शांत वीज हवी ती डॅकला, शेवटच्या वीतभर अंतरात. बॅटरी तिथे लावा, आणि ती लहानशी पुरते.

माझा क्रम असा: संगणक, मग यूएसबी आयसोलेटर, मग डॅक, आणि आयसोलेटरच्या डॅककडच्या बाजूला बॅटरीचे ५ व्होल्ट. एडीयूएम ४१६० चिपवाले तयार बोर्ड मिळतात. ही चिप दोन्ही बाजूंच्या ग्राउंडमध्ये तांब्याचा संबंधच ठेवत नाही, त्यामुळे लूप इथेच संपते आणि संगणक मेन्सवर राहिला तरी चालतो. मर्यादा एकच: वेग १२ मेगाबिट, म्हणजे यूएसबीचा फुल-स्पीड मोड. २४ बिट ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओला ४.६ मेगाबिट लागतात, ते जातं. १९२ किलोहर्ट्झ जाणार नाही, आणि फक्त हाय-स्पीड मोडवरच चालणारा डॅक असेल तर तो ओळखलाच जाणार नाही. त्यासाठी ४८० मेगाबिटचे, एडीयूएम ४१६५ सारख्या चिपचे बोर्ड लागतात.

या तयार बोर्डांवर एक छोटं काळं चौकोनी मॉड्यूल उभं दिसेल, बहुतेक वेळा बी०५०५एस, १ वॅटचं. ते संगणकाच्या ५ व्होल्टवरून पलीकडचे ५ व्होल्ट तयार करतं. त्याच्यातून २०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त निघत नाही, आउटपुट रेग्युलेटेड नसतो आणि त्याचा स्वतःचा स्विचिंग नॉइज डॅकमध्ये जातो. आयसोलेटर लावून आवाज बिघडला अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुधा या मॉड्यूलचा असतो. ते काढा आणि त्याच्या जागी बॅटरी द्या. या सगळ्या विषयात बॅटरीचं खरं घर तेच.

भाग: ३२७०० मापाचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल मालिकेत, ६ अँपिअर-तास, दोन सेलचा बीएमएस, १ अँपिअरचा फ्यूज, आणि एलटी ३०४५ रेग्युलेटरचं तयार मॉड्यूल. या चिपचा नॉइज १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झमध्ये ०.८ मायक्रोव्होल्ट, जुन्या ७८०५ चा ४० च्या घरात. कमाल प्रवाह ५०० मिलिअँपिअर. व्होल्टेज ठरवणाऱ्या ‘सेट’ पिनमधून १०० मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणून ४९.९ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर ४.९९ व्होल्ट मिळतात. त्या पिनवर ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असलाच पाहिजे, ०.८ चा आकडा त्याच्याच जोरावर आहे. पॅक ६.७ ते ६.४ व्होल्टवर असतो, रेग्युलेटरला वर ०.२६ व्होल्ट पुरतात. ३०० मिलिअँपिअरला उष्णता अर्ध्या वॅटच्या आसपास. मॉड्यूलच्या तांब्यावर ती सहज पसरते, हीटसिंक नको.

रेग्युलेटर बॅटरीजवळ नाही, आयसोलेटरजवळ बसवा. बॅटरीची वायर अर्धा मीटर असली तरी बिघडत नाही, पण रेग्युलेटरच्या पुढची वायर ५ सेंटिमीटरच्या आत ठेवा.

आयसोलेटर न घेता नुसती यूएसबी केबल कापून लाल वायर बॅटरीवर वळवण्याचा उपाय सुचवला जातो. त्याने ५ व्होल्ट स्वच्छ होतात, पण काळी वायर जोडलेलीच ठेवावी लागते, नाहीतर डेटाला आधार राहत नाही. म्हणजे लूप तशीच. तुमच्या बाबतीत गुणगुण जाणार नाही. आणि केबल कापलीच तर संगणकाकडची लाल आणि बॅटरीची लाल कधीही एकत्र करू नका. बंद संगणकाच्या पोर्टमध्ये उलटा प्रवाह शिरतो.

मंद्रसप्तक

सगळ्या चाचण्या केल्या. बॅटरीवरच्या लॅपटॉपला डॅक लावला तर गुणगुण आणि कुईकुई दोन्ही पूर्ण गेली. संगणकावर एचडीएमआय उपटल्यावर गुणगुण थोडी उतरली, गेली नाही. नेटवर्क केबलने काही फरक नाही. डॅक २८० मिलिअँपिअर घेतो. ऐकणं ४४.१ आणि ९६ वरच, तेव्हा ४१६० चालेल. मॉड्यूल काढताना काय जपायचं? आणि झालेला फरक कानाशिवाय कसा तपासायचा?

शून्य_व्होल्ट

म्हणजे लूपच. अख्खा संगणक बॅटरीवर नेण्याची गरज नाही, डाखकाम यांची जोडणी करा.

मॉड्यूल काढण्यापूर्वी बोर्ड संगणकाला लावून मल्टिमीटरने त्याच्या चार पायांपैकी डॅककडचे दोन कोणते आणि त्यांतला धन कोणता ते मोजून खूण करा. उत्पादकागणिक पायांचा क्रम बदलतो, चित्रावर विसंबू नका. चारही पाय एका ओळीत असतात. सगळ्यांवर भरपूर ताजं सोल्डर चढवा, सोल्डरिंग आयर्नचं टोक ओळीवर मागेपुढे फिरवत चारही एकदम वितळवा आणि मॉड्यूल सरळ वर खेचा. एकेक पाय ओढाल तर पॅड उखडेल. मग सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी फिरवून भोकं मोकळी करा. संगणकाकडची दोन भोकं रिकामीच राहू द्या, डॅककडच्या दोनमध्ये रेग्युलेटरच्या वायरी. डॅक लावण्याआधी दोन मोजमापं: डॅककडच्या बाजूला ५ व्होल्ट, आणि केबली काढून दोन ग्राउंडांमधला रोध. तो मल्टिमीटरच्या सर्वांत वरच्या पट्ट्यातही उघडाच दिसला पाहिजे. यूएसबीच्या दोन धातूच्या कवचांमध्येही हेच तपासा. काही बोर्डांवर कवचं एका पट्टीने जोडलेली असतात आणि सगळं आयसोलेशन तिथेच वाया जातं. पट्टी दिसली तर कापा.

मोजण्यासाठी बॅटरीवर चालणारा लॅपटॉप आणि त्याच्यावर चालणारा ऑडिओ इंटरफेस, त्यात आरईडब्ल्यू या ध्वनिमापनाच्या सॉफ्टवेअरचा स्पेक्ट्रम. स्पीकर चालू, अर्थला जोडलेले, आणि इंटरफेसचा इनपुट आरसीएला समांतर. मेन्सवरचा इंटरफेस घेतलात तर तो स्वतःची लूप घेऊन येईल आणि तुम्ही तिलाच मोजत बसाल. ४८ किलोहर्ट्झ, ६५,५३६ बिंदूंचा एफएफटी (सिग्नल वारंवारतांत वेगळा करणारं गणित), ३२ सरासऱ्या. संगणकावर शांततेची फाइल वाजवा, प्लेअर थांबवू नका. थांबवला की बरेच डॅक आउटपुट म्यूट करतात आणि आकडे खोटेच छान दिसतात. एक नोंद बदलापूर्वी, एक नंतर, लेव्हल न हलवता. बघायच्या जागा: ५०, १००, १५० हर्ट्झ ही लूपची खूण. १,००० आणि ८,००० हर्ट्झ ही यूएसबीची, कारण फुल-स्पीडचं पॅकेट दर मिलिसेकंदाला सुटतं आणि हाय-स्पीडचं दर १२५ मायक्रोसेकंदांना. ४१६० लावल्यावर ८,००० चा उंचवटा जाऊन १,००० ला छोटा दिसू लागला तर घाबरू नका, डॅक फुल-स्पीडवर आलाय एवढाच त्याचा अर्थ.

तांबेतार

चार्जरबद्दल एक राहिलं. ‘दोन सेलचा लिथियम चार्जर’ मागितला की बहुतेक वेळा ८.४ व्होल्टचा हाती पडतो. तो लिथियम-आयनचा. फॉस्फेटच्या दोन सेलना ७.२ ते ७.३ व्होल्टचा लागतो. ८.४ वाला लावला तर बीएमएस दर वेळी जास्त व्होल्टेजवर तोडेल, चार्जरचा दिवा मात्र सगळं ठीक असल्यासारखा हिरवा होईल. बीएमएस बिघडला तर सेल फुगतील. चार्जर लावण्याआधी त्याचा उघडा आउटपुट मोजा. आणि इथेही दोन पोलांचा स्विच: एका बाजूला चार्जर, दुसऱ्या बाजूला रेग्युलेटर, मधल्या दोन पिनांवर बॅटरी. चार्जर आणि डॅक एकाच वेळी बॅटरीवर येऊच शकणार नाहीत.